गरिबी जानेवारीत मोजा: मलावीच्या खेड्यांत काम करू पाहणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे: एका छोट्या गटाला आफ्रिकेच्या ग्रामीण भागात तीन वर्षं काम करायचं आहे, पैसा बेताचा आहे. तिथली गरिबी आधी समजून कशी घ्यायची, आणि ती कमी करण्यासाठी गावपातळीवर नेमकं काय करता येतं?

‘आफ्रिका’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. नायजरमधल्या बाजरीच्या पट्ट्यातली गरिबी, उत्तर केनियातल्या पशुपालकांची गरिबी आणि मलावीतल्या मकेवाल्या शेतकऱ्याची गरिबी यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून मलावी धरून लिहितो. यातलं बरंचसं पूर्व झांबिया आणि उत्तर मोझांबिकलाही लागू पडतं, कारण पाऊस, पीक आणि मजुरीची रीत तिथेही जवळपास तशीच आहे.

२०१८ च्या जनगणनेत मलावीची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या घरात होती आणि दर सहा माणसांमागे पाच खेड्यात राहत होती. २०१९-२० च्या पाहणीत ५०.७ टक्के लोक देशाच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषेखाली होते, तेव्हाची दिवसाला २.१५ डॉलरची आंतरराष्ट्रीय रेषा लावली तर हे प्रमाण ७० टक्क्यांवर जात होतं. दहा वर्षांपूर्वीच्या पाहणीतही आकडा निम्म्याच्या आसपासच होता. मधल्या काळात खतावर अनुदान, रोजगाराची कामं, संस्थांचे प्रकल्प हे सगळं चालू होतं. तरी आकडा का हलला नाही, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

वर्षाचं गणित

मलावीत पाऊस एकदाच: नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात, खुरपणी डिसेंबर-जानेवारीत, सुगी एप्रिल-मेमध्ये. रब्बी नाही. बैलही बहुतेकांकडे नाहीत. सरी-वरंबे आखूड दांड्याच्या कुदळीने, म्हणजे तिथल्या ‘खासू’ने, हाताने ओढायचे. रोजचं अन्न मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं न्सिमा. माणशी दिवसाला अर्धा किलो मका धरला तर पाच माणसांच्या घराला दिवसाला अडीच किलो, महिन्याला ७५ आणि वर्षाला साधारण ९०० किलो लागतो. ५० किलोची १८ पोती.

आता दक्षिणेतल्या थ्योलो, मुलान्जे, फालोंबे या दाट वस्तीच्या जिल्ह्यांत घरटी जमीन अर्धा हेक्टर किंवा त्याहून कमी. खताविना हेक्टरी टनभर मका मिळाला तर अर्ध्या हेक्टरातून ५०० किलो, म्हणजे दहा पोती. त्यातली दोन पोती मेमध्येच विकली जातात: जुनं देणं, शाळेचा खर्च, मीठ, साबण, दवाखाना. उरलेले ४०० किलो १६० दिवस पुरतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कणगी रिकामी. पुढचा मका एप्रिलमध्ये. मधले सहा महिने कसे निघतात, हाच गरिबीचा खरा प्रश्न आहे.

ते निघतात ‘गान्यु’वर. गान्यु म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर उक्त्याने केलेलं काम. मोबदला रोख, किंवा थोडा मका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे ठीक असतं, कारण तेव्हा स्वतःच्या शेतात वरंबे ओढण्यापलीकडे फारसं काम नसतं. पण गान्युची खरी मागणी डिसेंबर-जानेवारीत असते, आणि नेमकं तेव्हाच स्वतःच्या मक्यात तण माजलेलं असतं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत खुरपणी झाली नाही तर मका खुरटतो आणि घातलेलं खत तण खातं. ज्याच्या घरात दाणा नाही तो आज संध्याकाळच्या न्सिमासाठी शेजाऱ्याचं शेत खुरपतो आणि स्वतःचं शेत तीन आठवडे मागे पडतं. पुढच्या ऑक्टोबरची रिकामी कणगी या जानेवारीतच ठरते. त्यातच मलेरियाचा जोर याच महिन्यांत असतो. घरातल्या दोन कमावत्या हातांपैकी एक आठवडाभर अंथरुणाला खिळला की त्या हंगामातून सावरणं कठीण. मग उरते ‘कटापिला’, म्हणजे खाजगी सावकारी. घेतलेल्याच्या दीडपट-दुप्पट सुगीला परत. दोन पोती मेमध्येच का विकली जातात याचं उत्तर इथे आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे: इथे मदत किती दिली याच्याइतकंच, किंबहुना जास्त, ती कोणत्या महिन्यात पोचली याला महत्त्व आहे. फेब्रुवारीत आलेलं खत आणि मेमध्ये वाटलेलं धान्य कागदावर पूर्ण दिसतं, शेतात त्याचा उपयोग जवळपास शून्य असतो.

गाव समजून घेताना

बाहेरून येणारे लोक जून ते ऑगस्टमध्ये येतात. रस्ते कोरडे, हवा छान, कणग्या भरलेल्या, लग्नकार्यं चालू. तेव्हा केलेली पाहणी गावाची सर्वांत बरी बाजू दाखवते. एक फेरी जूनमध्ये आणि दुसरी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत करा. चिखलामुळे गाडी पोचत नसेल तर शेवटचा टप्पा सायकलने किंवा पायी जा. डांबरी रस्त्यालगतच्या गावांवर समाधान मानू नका.

परवानगीचा क्रम पाळा: जिल्हा परिषद, मग पारंपरिक प्रमुख, मग गटप्रमुख, मग गावप्रमुख. हे टाळून थेट गावात शिरलेला माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या सभेला लोक येतात आणि खरं बोलत नाहीत. सभेत पैशाचा, वस्तूचा, प्रकल्पाच्या नावाचा उल्लेख करू नका. शेळ्यांवाली संस्था म्हणून गेलात तर गावाची प्रत्येक अडचण शेळीशी जोडून सांगितली जाते. यात लबाडी नाही. काहीतरी मिळण्याची शक्यता दिसत असताना माणूस तेच करेल.

मग घरांची यादी. प्रत्येक घराचं एक कार्ड करा आणि तीन वेगवेगळ्या गटांना ती कार्डं स्वतंत्रपणे लावायला सांगा: बायका, पुरुष, आणि गान्यु करणारी तरुण मंडळी. प्रत्येक कार्डाला दोनच प्रश्न:

गेल्या हंगामात या घरातला मका कोणत्या महिन्यात संपला?

जानेवारीत हे घर दुसऱ्याच्या शेतावर कामाला गेलं, की दुसरे याच्या शेतावर कामाला आले?

उत्पन्नाची प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा हे दोन प्रश्न कितीतरी जास्त सांगतात. क्वाचातलं, म्हणजे मलावीच्या चलनातलं, वर्षाचं उत्पन्न कुणालाच नीट आठवत नाही, पण मका कधी संपला हे घरातलं पोरही सांगतं. तिन्ही गटांच्या मांडणीत जी कार्डं वेगवेगळ्या जागी पडतात, त्या घरी स्वतः जाऊन या. बहुतेकदा तिथे एकटी म्हातारी नातवंडांना सांभाळत असते, किंवा ते घर गावप्रमुखाच्या नात्यातलं असतं. छप्पर पत्र्याचं की गवताचं, सायकल आहे का, शेळ्या किती, ही खूण म्हणून ठीक. पण पत्रे दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्या काळातले असू शकतात.

फेब्रुवारीत काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. गिरणीतला कोंडा, म्हणजे मदेया, एरवी कोंबड्यांना घालतात. तो माणसांसाठी विकत घेतला जात असेल तर गाव संकटात आहे. कोवळी कणसं पिकायच्या आधी तोडून खाल्ली जात असतील, शेतात चोऱ्या वाढल्या असतील, वरच्या वर्गातली मुलं शाळेत दिसत नसतील, तर तेही लिहून ठेवा.

मध्य आणि दक्षिण मलावीत जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. उत्तरेत ही रीत उलटी आहे. ‘घरच्या कर्त्या पुरुषाची’ सही घेऊन जमिनीशी संबंधित काही ठरवलंत, तर तो पुरुष त्या जमिनीचा मालकच नसतो. काडीमोड झाला की तो आपल्या आईच्या गावी परत जातो, म्हणून दहा वर्षांनी फळ देणारं झाड लावायला किंवा बांध घालायला तो कचरतो. मातीच्या कामाची बोलणी बायकांशी करा, आणि त्यांच्या थोरल्या मामाला किंवा भावाला सोबत घ्या. घराण्याच्या जमिनीच्या तंट्यात शब्द त्याचाच चालतो.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. आपल्याकडच्या दारिद्र्यरेषेच्या यादीवरून होणारी भांडणं सगळ्यांनी पाहिली आहेत. इथे ती जास्त तीव्र होतात, कारण गावातली बहुतेक घरं एकसारखीच गरीब असतात. सरकारची ‘म्टुकुला पाखोमो’ ही रोख मदतीची योजना २००६ साली म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली. अतिगरीब आणि कमावता हात नसलेली घरं निवडायची, प्रमाण साधारण दहा टक्के. कमावता हात नसलेल्या घरासाठी ही योजना योग्यच आहे. पण अकराव्या आणि विसाव्या टक्क्यावरच्या घरांत फरक दाखवणं कुणालाच जमत नाही. अनुदानाच्या खताचं पोतं एकाच्या नावावर येतं आणि गावप्रमुखाच्या सांगण्यावरून दोन-तीन घरांत वाटलं जातं, हे सर्रास घडतं. त्याला भ्रष्टाचार म्हणून मोकळं होऊ नका. एकोपा टिकवण्यासाठी गावाने काढलेली ती वाट असते. तुमचा आराखडा असा करा की जे काम सगळ्यांना उपयोगी ते सगळ्यांना खुलं, आणि म्हातारी, आजारी, अपंग माणसांच्या घरांना वेगळी, कायम चालणारी मदत. ‘गावातल्या तीस टक्के गरिबांना शेळ्या’ अशी रचना टाळा.

भुकेच्या महिन्यांसाठी उधारी

माझ्या मते बेताच्या पैशात सर्वांत जास्त फरक पाडणारं काम हे आहे. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागात पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांसाठी खावटी कर्ज दिलं जायचं, कल्पना तीच. पूर्व झांबियात चिपाटा जिल्ह्यात याचा मोठा प्रयोग झाला. जानेवारीत रोख किंवा मका उधार द्यायचा, फेड सुगीनंतर. उधारी घेतलेली घरं गान्युला कमी गेली, स्वतःच्या शेतावर जास्त राबली, त्यांचं पीक वाढलं. शिवाय मजूर कमी मिळू लागल्याने गावातले मजुरीचे दर चढले, त्याचा फायदा उधारी न घेतलेल्यांनाही झाला. परतफेड चांगली झाली.

गावपातळीवर हे धान्य बँकेच्या रूपात बसतं. पाच माणसांच्या घराची जानेवारी ते मार्चची गरज २२५ किलो. त्याच्या निम्मी, म्हणजे दोन पोती, उधार द्या. पूर्ण गरज भागवायला जाऊ नका. फेड अवघड होते. पहिलं पोतं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरं जानेवारीच्या अखेरीस. दोन्ही एकदम दिली तर एक नातेवाइकांकडे जातं. सुगीनंतर १०० किलोला १२५ ते १३० किलो परत. हा दर ऐकून दचकू नका: मेमधला मका फेब्रुवारीतल्या मक्याच्या निम्म्या भावाचाही असू शकतो, त्यामुळे घेणाऱ्याच्या दृष्टीने ही उधारी स्वस्त पडते. वरचे २५-३० किलो साठवणुकीतली तूट, राखण आणि फेड बुडाल्यास लागणारी शिल्लक यांत जातात.

बिघडतं कुठे? पहिलं, दुष्काळाच्या वर्षी. मार्च २०२४ मध्ये सरकारने २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. अशा वर्षी वसुलीचा आग्रह धरला तर लोक शेळ्या विकून फेडतात आणि कामाचा हेतूच मोडतो. पाऊस ठरावीक पातळीखाली गेला तर फेड वर्षभर पुढे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर लिहून ठेवा, आणि पहिल्या दोन वर्षांचं नुकसान भरून काढण्याएवढी रक्कम बाजूला काढा. दुसरं, कोठाराची किल्ली. ती गावप्रमुखाकडे नको. तिसरं, साठवलेल्या मक्याला लागणारी कीड. त्याबद्दल पुढे लिहितो.

खत आणि तण

खतावरचं अनुदान बिंगु वा मुथारिका राष्ट्राध्यक्ष असताना २००५-०६ मध्ये नव्या रूपात सुरू झालं. २०२० नंतर त्याचं नाव आणि व्याप्ती बदलली. घरामागे मुख्यतः ५० किलोची दोन पोती: पेरणीसाठी २३:२१:० (नत्र:स्फुरद:पालाश) आणि वरखताला युरिया. पहिल्यात ११.५ किलो नत्र, दुसऱ्यात २३, मिळून ३४.५ किलो. आता हिशेब करा. झिजलेल्या जमिनीत, उशिरा पेरलेल्या आणि उशिरा खुरपलेल्या मक्याला किलोभर नत्रामागे दहा-अकरा किलो दाणे जास्त मिळतात, म्हणजे साधारण ३६० किलो. तेच खत वेळेवर पडलं आणि दोन खुरपण्या वेळेत झाल्या तर किलोमागे वीस किलोपर्यंत, म्हणजे सुमारे ७०० किलो. फरक साडेतीनशे किलोच्या आसपास. पाच माणसांना साडेचार महिन्यांचं अन्न. एवढा फरक केवळ वेळेने पडतो, आणि वेळ गान्यु खाऊन टाकतो. वरची उधारी आधी आणि खत नंतर, हा क्रम मी म्हणूनच सांगतो.

लागवड अशी: दोन वरंब्यांत ७५ सेंटिमीटर, दोन झाडांत २५, एका जागी एकच दाणा. एकरी दहा किलो संकरित बियाणं. अर्ध्या हेक्टरात साडेसव्वीस हजार झाडं बसतात. ५० किलो खत त्यांना वाटलं तर झाडामागे जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. मुठीने टाकलं की निम्म्या शेतातच पोतं संपतं. एकदा वजन करून मापाचं झाकण किंवा चमचा ठरवून द्या. खत झाडापासून चार बोटं लांब खड्ड्यात घालून मातीने झाका. युरिया उघडा टाकला तर त्यातलं नत्र हवेत उडतं, आणि बुंध्याशी टाकला तर रोप जळतं. वरखत उगवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, मका गुडघ्याएवढा झाल्यावर. तुरा येऊ लागल्यावर युरिया हाती आला तर तो या मक्याला घालू नका. पोतं घट्ट बांधून कोरड्यात ठेवा, हिवाळी भाजीला किंवा पुढच्या वर्षाला कामी येतो.

साठवण

मक्याचे सोंडे आपल्याला माहीत आहेत. मलावीत त्याहून घातक एक मोठा भुंगा आहे, मध्य अमेरिकेतून १९८० च्या सुमारास टांझानियामार्गे या भागात आलेला. संकरित मक्याचा दाणा मऊ असतो, तो याच्यापुढे टिकत नाही. देशी कठीण दाण्याचा मका थोडा तग धरतो. बायका संकरित मका आधी खाऊन किंवा विकून देशी मका कणगीत ठेवतात, ते याच अनुभवातून.

उपाय साधा आहे: तीन थरांची हवाबंद पोती, आत दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं. एकाची किंमत दोन-अडीच डॉलरच्या आसपास, नीट वापरलं तर दोन-तीन हंगाम चालतं. मका सोलून वाळवा. ओलावा तपासायला कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून वाळवायला हवं. भरताना मधे मधे दाबून हवा काढा, आतली पिशवी पिळून बांधा, दुमडून पुन्हा बांधा, मग दुसरी, मग बाहेरचं पोतं. पुढचे दीड-दोन महिने उघडू नका. आतला प्राणवायू संपला की कीड मरते. पोतं भिंतीपासून दूर फळीवर ठेवा, कारण उंदराने एक भोक पाडलं की सगळं व्यर्थ. ओला मका भरलात तर बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही.

पण पोती वाटून लोक मेमध्ये विकायचे थांबत नाहीत. विक्री किडीमुळे कमी आणि रोख पैशाच्या नडीमुळे जास्त होते. केनियात सुगीच्या वेळी छोटं कर्ज देऊन पाहिलं, तेव्हा घरांनी मका राखून भाव चढल्यावर विकला आणि नफा कमावला. ज्या भागात खूप जणांनी असं केलं तिथे भावातली चढउतारच कमी झाली आणि प्रत्येकाचा नफा घटला. मात्र फेब्रुवारीत मका विकत घेणाऱ्या गरिबांना तो स्वस्त मिळाला. मला हा दुसरा परिणाम जास्त मोलाचा वाटतो.

बचतीची पेटी

सुगीची ती रोख नड भागवायला गावातलाच पैसा कामी येतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला बचत गट समजावून सांगायला नको. आफ्रिकेतलं त्याचं रूप १९९१ मध्ये नायजरच्या मारादी भागात केअर संस्थेने उभं केलं; मलावीत त्याला ‘बांकी म्खोंडे’, ओसरीवरची बँक, म्हणतात. आपल्या गटांहून दोन मोठे फरक: इथे बँकेशी जोडणी नाही, आणि दरवर्षी सगळा पैसा वाटून हिशेब बंद होतो. जवळची बँक तीस-चाळीस किलोमीटरवर असताना हेच शहाणपणाचं आहे.

सभासद १५ ते २५. दर आठवड्याला प्रत्येकीने एक ते पाच शेअर घ्यायचे, पासबुकावर शिक्का. शेअरची किंमत अशी ठेवा की गावातली सर्वांत गरीब बाईही जानेवारीत आठवड्याला एक घेऊ शकेल. किंमत चढी ठेवली की ती बाई आपोआप बाहेर राहते, आणि गट दुकानदारणींचा होतो. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. त्या तिघी पदाधिकारी नकोत. कर्ज बचतीच्या तिप्पट, त्याहून जास्त नाही. व्याज महिन्याला पाच ते दहा टक्के. बऱ्याच गटांत वीस टक्केही घेतात, ते खाली आणा, कारण वीस टक्क्यांना कर्ज घेणारी नेहमी गरीबच असते आणि नफा शेअर जास्त असलेलीचा होतो. आजारपण-मयतीसाठी छोटा निधी वेगळ्या पिशवीत.

वाटपाची तारीख सगळ्यांत महत्त्वाची. बहुतेक गट नाताळाच्या तोंडावर वाटप करतात आणि पैसा कपडे-पाहुण्यांत जातो. चक्र नोव्हेंबरमध्ये सुरू करा आणि वाटप ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा; त्याच दिवशी खत-बियाणं विकणाऱ्याला सभेच्या जागी बोलवा. तुमच्या संस्थेचा पैसा पेटीत कधीही टाकू नका. बाहेरचा पैसा आला की तो फेडायची निकड कुणालाच वाटत नाही, आणि स्वतःची बचतही त्याच्याबरोबर बुडते.

कोंबड्या, रोकड, रोजगार

कोंबड्या वाटण्याआधी त्या मरतात कशाने ते पाहा. मानमोडी, म्हणजे तिथली ‘चिटोपा’, पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत गावाच्या गाव साफ करते. आय-२ ही उष्णता बऱ्यापैकी सोसणारी लस आहे: डोळ्यात एक थेंब, दर चार महिन्यांनी, फक्त निरोगी कोंबड्यांना, आणि सगळ्या गावात एकाच दोन दिवसांत. थोडे पैसे घ्या, नाहीतर लस देणारी मुलगी दुसऱ्या फेरीला येत नाही. अतिगरिबांना जनावरं, प्रशिक्षण आणि काही काळ खर्चाला पैसे देण्याची जी पद्धत बांगलादेशात सुरू झाली, तिची सहा देशांतली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. होंडुरासमध्ये ती फसली, कारण दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या.

रोख मदत द्यायची तर तिची किंमत मक्याच्या किलोत ठरवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली रक्कम तेव्हा तोकडी पडली. २००५ ते २००७ दरम्यान कन्सर्न वर्ल्डवाइड या मदतसंस्थेने मलावीत दोन हंगामांत घरातल्या माणसांच्या संख्येनुसार आणि बाजारातल्या भावानुसार रक्कम बदलत नेली, ती पद्धत उत्तम आहे. बाजारात मकाच नसेल तर मात्र रोख देऊ नका, भाव भडकतो. तेव्हा धान्यच द्या. मोबाइलवरून पैसे पाठवताना एजंटकडे त्या दिवशी रोकड असेल का, हे आधी विचारून घ्या.

रोजगार हमीच्या धर्तीवर कामं काढायचा मोह आपल्या लोकांना होतो. महाराष्ट्रात ती मागेल त्याला, मागेल तेव्हा, या तत्त्वावर उभी राहिली. मलावीतल्या सार्वजनिक कामांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांत वर्षाला ४८ दिवस मिळायचे, तेही बारा-बारा दिवसांच्या तुकड्यांत आणि तुटपुंज्या मजुरीवर. त्या अभ्यासात त्यामुळे घरांच्या अन्नसुरक्षेत फरक पडलेला दिसला नाही. जानेवारीत रस्त्याचं काम काढणं म्हणजे दुसऱ्या नावाने गान्युच.

तूर

दक्षिण मलावीत मक्याच्या ओळींत तूर असते. तिथे तिला नांदोलो म्हणतात. जमिनीला नत्र देते, सरपण देते, आणि तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भारत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा मलावी आणि मोझांबिकमधले भाव कोसळले. लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्यासाठी घेतलेल्या निर्णयाची झळ फालोंबेच्या बाईच्या तुरीला लागली, आणि दोघेही तितकेच कोरडवाहू. २०२१ मध्ये भारताने मलावीकडून पाच वर्षं दरसाल ५० हजार टन तूर आयात करू देण्याचा करार केला.

गावात याचा उपयोग करून घ्यायचा तर तीन गोष्टी लागतात. तूर मक्यानंतर, जुलै-सप्टेंबरात तयार होते, आणि मका निघाला की शेळ्या मोकाट सोडायची रीत आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत शेळ्या बांधून ठेवण्याचा ठराव गटप्रमुखाच्या पातळीवर, दंडासकट, झाला पाहिजे. एका गावाने बांधल्या आणि शेजारच्याने सोडल्या तर पीक जातंच. दुसरं, एकत्र विक्री. दारावर येणारा व्यापारी बादलीने मोजतो. पंधरा-वीस घरांनी चाळून, वाळवून, स्वतःच्या काट्यावर तोललेली तूर एका ठिकाणी ठेवली तर बोली लावायला दोन-तीन व्यापारी येतात. तिसरं, भारतातली धोरणं आणि भाव यांची खबर. हे काम महाराष्ट्रातला गट कुणाहूनही चांगलं करू शकतो: आयातीचे निर्णय, नव्या पिकाचा अंदाज, लातूरच्या बाजारातला भाव, हे जुलैपासून दर पंधरवड्याला तिकडच्या विक्री गटाच्या फोनवर पोचवा. तुरीचा पैसा ऑगस्ट-सप्टेंबरात हातात येतो, म्हणजे कणगी रिकामी व्हायच्या आधी आणि खत घ्यायच्या वेळी.